चाकांवरचे घर आणि गोठणारे पाणी

श्रोतेहो, आज आरंभी एक कोडे घालतो. एक भांडे आहे. काठोकाठ भरलेले आणि तोंडाशी घट्ट बंद केलेले. रात्री ते फळीवर नीट ठेवले. कोणी त्याला हात लावला नाही, ते पडले नाही, त्याला विस्तव लागला नाही. सकाळी पाहावे तो भांडे उभे चिरलेले! फोडणारा बाहेरून आला नाही, तो आतच बसला होता. सांगा पाहू, तो कोण?

उत्तर आहे पाणी. ज्या पाण्यावर आपला जीव, तेच पाणी गोठताना पितळ फोडते, लोखंड फोडते, डोंगरातला खडकही फोडते. आपल्या मुलखात हा प्रताप फारसा दृष्टीस पडत नाही. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडक पहाटे गवतावरचे दव गोठते. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. आपली ओळख एवढीच. नळातले पाणी गोठून नळ फुटला, असे गावात कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण हिमालयात नोकरी करून आलेल्या एखाद्या जवानाला विचारा. रेडिएटरात नुसते पाणी भरलेली गाडी रात्री तशीच उभी ठेवली तर सकाळी काय होते, हे तो तुम्हांला सांगेल.

आज आपण त्याहून लांबच्या देशी जाणार आहोत. उत्तर अमेरिकेत, कॅनडाच्या सीमेला लागून, मिनेसोटा नावाचे राज्य आहे. त्याला ‘दहा हजार सरोवरांचा प्रदेश’ म्हणतात. तेथला हिवाळा कडक. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सेल्सिअस जाणे ही तेथे रोजची गोष्ट, आणि राज्याच्या उत्तर टोकाला कधीकधी उणे ४० सुद्धा होते. शिक्षक मित्रहो, येथे मुलांना एक गंमत सांगा. उणे ४० हा एकच आकडा असा आहे, की सेल्सिअसने मोजा की फॅरेनहाइटने, तो बदलत नाही. अशा मुलखात आता आपल्या गावांतली मुलेही शिकून नोकरीला गेली आहेत, संसार थाटून आहेत. तेव्हा हा विषय दिसतो तितका परका नाही.

या देशात लोकांना एक शौक आहे. आपल्याकडे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारे लोक आपण पाहतो, ते पोटासाठी फिरतात. तिकडे पुष्कळ लोक हौसेने बिऱ्हाड चाकांवर घेतात. एका मोठ्या मोटारीत, किंवा मोटारीमागे जोडलेल्या गाड्यात, निजायची जागा, चूल, शीतकपाट, न्हाणीघर आणि संडास असे सगळे बसवलेले असते. तिला रिक्रिएशनल व्हेईकल, थोडक्यात आर. व्ही., म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १९१० साली पिअर्स-ॲरो या मोटार-कारखान्याने अशी एक गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली होती. आज इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे गाव या धंद्याची राजधानी मानले जाते. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, म्हणजे ही गाडी आपल्या रस्त्यांवरही अनोळखी राहणार नाही.

थंडी सुरू झाली की पुष्कळ निवृत्त जोडपी आपले चाकांवरचे घर घेऊन दक्षिणेला, ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उबदार राज्यांकडे निघतात. त्यांना लोक कौतुकाने ‘हिमपक्षी’ म्हणतात. पण सगळ्यांनाच हे जमत नाही. नोकरी असते, मुलांच्या शाळा असतात. मग गाडी घराच्या अंगणात उभी राहते, ती ऑक्टोबरपासून एप्रिल-मेपर्यंत. सहा महिने आत चूल नाही, दिवा नाही, ऊब नाही. आणि गाडीच्या पोटात मात्र नळ आहेत, टाक्या आहेत, पंप आहे. यांतले पाणी गोठले तर काय होईल, आणि ते गोठू नये म्हणून तिकडचा माणूस काय करतो, हा आजचा विषय.

आधी पाणी फोडते कसे, ते पाहू. जगातले बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही आकसते, पण फक्त ४ अंश सेल्सिअसपर्यंत. तेथून पुढे ते उलट वागू लागते. आणखी थंड झाले की थोडेथोडे फुगते, आणि शून्य अंशाला त्याचा बर्फ होताना एकदम सुमारे नऊ टक्के जास्त जागा मागते. सोप्या हिशेबाने, ११ लिटर पाण्याचा १२ लिटर बर्फ होतो. हा वरचा एक लिटर कोठे जायचा? तोंड उघडे असेल तर बर्फ वर फुगून येतो, काही बिघडत नाही. तोंड बंद असेल तर तो भिंतीला रेटा देतो. पाणी पुरते कोंडले आणि पारा उणे ५ अंशांवर गेला, तर हा रेटा वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ सहाशे पट होऊ शकतो. उणे २२ अंशांना तो दोन हजार पटींच्या घरात जातो. सायकलच्या ट्यूबमध्ये आपण तीन-चार पट हवा भरतो आणि ती दगडासारखी टणक लागते. मग दोन हजार पटींपुढे पितळेच्या तोटीचा काय पाड?

पण पाण्याचा हा गुण दुष्ट आहे असे समजू नका. बर्फ फुगतो म्हणून हलका होतो, हलका होतो म्हणून पाण्यावर तरंगतो. मिनेसोटाची सरोवरे वरून गोठतात. खाली ४ अंशांचे जड पाणी तसेच राहते, आणि त्यात मासे हिवाळा काढतात. लोक त्या बर्फावर चालत जाऊन त्याला भोक पाडतात आणि गळ टाकून बसतात. हाच बर्फ तळाशी बसणारा असता, तर सरोवर तळापासून गोठत गेले असते आणि मासा उरला नसता. जो गुण सरोवरात मासा वाचवतो, तोच नळात तोटी फोडतो. फरक एवढाच, की सरोवरात जागा मोकळी आहे आणि नळात ती नाही.

आता एक बारकावा ऐका. नळ नेमका बर्फ झाला तेथेच फुटतो, असे आपल्याला वाटेल. पुष्कळदा तसे नसते. नळीच्या मध्यभागी बर्फाचे बूच तयार होते. ते वाढत जाते आणि पुढचे, अजून न गोठलेले पाणी बंद तोटीकडे रेटते. ते पाणी दोन्हीकडून अडकते, त्याचा दाब चढतो, आणि फुटते ती तोटी, नाहीतर सांधा, म्हणजे बर्फापासून दूरची जागा. इलिनॉय विद्यापीठात १९९०च्या दशकात घरांच्या नळांवर जे प्रयोग झाले, त्यांतून हेच दिसले. म्हणून ‘माझ्या नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत, त्या थोड्या ताणतात, मला भय नाही’ असे म्हणून चालत नाही. नळी ताणेल, पण पंपाचे डोके, संडासाची झडप, तोटीचे पोट, फिल्टरचे भांडे ताणत नाहीत. तडा तेथे जातो.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ही, की तडा जातो तेव्हा काही कळत नाही. फट पडलेली असते, पण तीत बर्फच बूच होऊन बसलेला असतो. एक थेंब गळत नाही. गाडी फुटते जानेवारीत आणि कळते मे महिन्यात. सुट्टी लागते, मुले उत्साहाने गाडीत चढतात, बाप पंप सुरू करतो, आणि पाणी भिंतीच्या आत, लाकडी तळात झिरपू लागते. कित्येकदा दोन दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही. तोपर्यंत तळाची फळी फुगलेली असते. घराची भिंत उघडून सांधा बदलणे सोपे; गाडीच्या भिंतीत हात घालायला जागा नसते. एवढे नुकसान पुष्कळदा किती पाण्याने होते? एक कपभर. टाकी रिकामी केलेली असते हो, पण पंपात किंवा एखाद्या वळणात कपभर पाणी विसरलेले असते.

म्हणून या कामाचे सार एका वाक्यात सांगतो: टाकी रिकामी करणे सोपे, कोपरे रिकामे करणे हे खरे काम. आता ते काम क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. मिनेसोटात सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी पहिली हिमरात्र येते. शहाणा माणूस तिची वाट पाहत नाही. आपण जसे पागोळ्या पडू लागल्यावर घर शाकारायला चढत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट बंबाची. गाडीत पाणी तापवायचा एक छोटा बंब असतो, सुमारे २३ किंवा ३८ लिटरचा. त्याची वीज आणि गॅस आधी बंद करायचे आणि पाणी पुरते निवू द्यायचे. मग गरम पाण्याची एक तोटी उघडून आतला दाब मोकळा करायचा, आणि त्यानंतरच तळाचे बूच काढायचे. ही घाई पुष्कळांना भोवते. गरम, दाबलेल्या पाण्याचे बूच काढले तर ते पाणी तोंडावर येते. आपल्या घरी तांब्याचा बंब वापरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. काही बंबांच्या बुचाला एक धातूची कांडी जोडलेली असते. बंबाच्या पोलादाऐवजी ती स्वतः झिजते आणि बंब वाचवते. बूच निघालेच आहे तर ती कांडी पाहून घ्यावी. फार झिजली असेल तर बदलावी. आणि बंब रिकामा असल्याची चिठ्ठी त्याच्या बटणावर चिकटवावी. रिकाम्या बंबाची वीज चुकून सुरू झाली तर आतली तार काही क्षणांत जळते.

तिसरी गोष्ट टाक्यांची. गाडीत साधारणपणे तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. घाणीच्या दोन टाक्या वाटेल तेथे सोडता येत नाहीत. त्यासाठी नेमलेल्या जागा असतात. तेथेही क्रम आहे. आधी संडासाची टाकी, मागाहून मोरीची. म्हणजे साबणाच्या पाण्याने रबरी नळी आपोआप धुऊन निघते. पाहा, लहानशा क्रमात केवढी सोय आहे!

चौथी गोष्ट नळ्यांची. गाडीच्या पोटाखाली सगळ्यांत सखल जागी दोन बुचे असतात, एक थंड पाण्याच्या नळीचे, एक गरम पाण्याच्या. ती उघडायची आणि वरच्या सगळ्या तोट्याही उघडायच्या. तोट्या कशाला? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते. दुसरे पाडले की सरळ धार लागते. पाणी बाहेर यायचे तर हवा आत जायला हवी. मग पंप थोडा वेळ चालवून त्याच्या पोटातले पाणी काढायचे आणि लगेच बंद करायचा. पाण्याचा फिल्टर असेल तर त्याची आतली कांडी काढून भांडे रिकामे करायचे.

येथे पुष्कळ लोक थांबतात, हात पुसतात आणि झाले म्हणतात. झालेले नसते. नळी सरळ नसते, ती वळते, खाली जाते, वर येते. प्रत्येक खोलगट वळणात घोटभर पाणी राहते. शेतातला पाट बंद केल्यावरही खळग्यात पाणी राहतेच की नाही? तसेच. हे पाणी घालवायला दोन वाटा आहेत.

एक वाट हवेची. पाणी घ्यायच्या तोंडाला हवेचा पंप जोडतात आणि एकेक तोटी उघडून हवेच्या झोताने पाणी उडवतात. दाब मात्र बेताचा, दर चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास ठेवावा लागतो. फार दाब दिला तर हिवाळ्याने फोडायच्या आधी आपणच सांधे फोडतो. ही वाट स्वच्छ आणि स्वस्त. पण हवा पाण्याच्या डोक्यावरून निघून जाते आणि वळणात थोडे पाणी मागे राहू शकते.

दुसरी वाट न गोठणाऱ्या द्रवाची. ती समजायला कुल्फीवाल्याची आठवण करा. तो नुसता बर्फ वापरत नाही, बर्फात खडे मीठ टाकतो. मिठाने बर्फ वितळतो आणि तरी शून्याच्या बराच खाली थंड राहतो, म्हणून कुल्फी धरते. म्हणजे पाण्यात दुसरा पदार्थ विरघळला की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. मग नळात मीठ घालायचे का? नाही, मीठ धातू खाते. त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकोल नावाचा द्रव वापरतात. पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी तयार केलेला हा द्रव बहुधा गुलाबी रंगाचा असतो. रंग मुद्दाम दिलेला, म्हणजे तोटीतून गुलाबी धार आली की कळते, द्रव येथवर पोचला.

आधी बंबाच्या बाजूच्या झडपा फिरवून बंब वाटेतून वगळायचा. नाहीतर सगळा द्रव त्या रिकाम्या बंबातच जाऊन बसतो. मग पंपाची तोंडनळी द्रवाच्या डब्यात बुडवायची, पंप सुरू करायचा आणि एकेक तोटी उघडायची. प्रथम थंड, मग गरम, गुलाबी रंग दिसेपर्यंत. न्हाणीतला फवारा, संडासाची झडप, गाडीच्या बाहेरच्या अंगाला पाय धुवायची तोटी असते ती, आणि बाहेरच्या नळाला जोडायचे तोंड, यांतले काही विसरायचे नाही. बहुतेक वेळा फुटते ती बाहेरची तोटी, कारण ती कोणाच्या ध्यानात नसते. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर द्रव ओतायचा. मोरीखाली वाकडी नळी असते. आपले नळकाम करणारे ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्याच जातीची. दुर्गंधी वर येऊ नये म्हणून तिच्यात पाणी कायम ठेवलेलेच असते, आणि तेच गोठते. साध्या गाडीला आठ ते अकरा लिटर द्रव पुरतो.

आता एक गोष्ट नीट ऐका, येथे बरेच जण फसतात. या डब्यावर ‘उणे ५० अंश फॅरेनहाइट’ असे लिहिलेले असते, म्हणजे सुमारे उणे ४६ सेल्सिअस. लोक समजतात, तोवर हा गोठणार नाही. तसे नाही. तो त्याच्या पुष्कळ आधी, उणे १०-१२ सेल्सिअसच्या सुमारास घट्ट होऊ लागतो; पण त्याचा दगडी बर्फ होत नाही, लापशीसारखा गोळा होतो. तो गोळा मऊ असतो, नळीत सरकतो, म्हणून फोडत नाही. तो आकडा न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नव्हे. आणि हेही तो द्रव निर्भेळ असला तरच. नळांत आधीचे पाणी शिल्लक असेल तर द्रव पातळ होतो, आणि दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यासारखी आपणच आपली फसवणूक करतो. म्हणजे आधी नीट रिकामे करणे चुकत नाही. औषध पथ्याच्या जागी चालत नाही.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. ग्लायकोल नावाचे दुसरेही द्रव आहेत. मोटारीच्या रेडिएटरात जे हिरवे, कधी निळे वा तांबडे पाणी घालतात, त्यात बहुधा एथिलीन ग्लायकोल असते. तेही गोठण्यापासून वाचवते. पण ते विष आहे. ते मूत्रपिंडे निकामी करते, आणि चवीला गोड असते. म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात आणि लहान मूल सरबत समजून तोंडाला लावते. पिण्याच्या पाण्याच्या नळांत ते कधीही, थोडेसुद्धा, घालायचे नाही. नावात सारखेपणा असला म्हणून गुणात नसतो. याचा कडू धडा आपल्या मुंबईने घेतला आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, कारण औषधाच्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेले होते. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली.

शेतकरी बंधूंनो, हे एवढे तरी आपल्या घरचे आहे. तुमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरातले पाणी काढले, तर ते गोठ्याजवळ उघड्या घमेल्यात ठेवू नका. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. त्याच्या मूळ डब्यात, झाकण लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. आणि कोणी ते प्यायलेच, तर दिसायला बरा आहे म्हणून थांबू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा आणि डबा बरोबर न्या. आरंभी माणूस नुसता झिंगल्यासारखा दिसतो, आणि आत घात चालू असतो.

हिवाळा सरला की मिनेसोटाचा माणूस गाडी पुन्हा उघडतो. प्रथम स्वच्छ पाण्याने गुलाबी द्रव पुरता धुऊन काढतो. बंबाचे बूच पुन्हा घट्ट बसवतो. मग टाकी पाण्याने भरून तीत क्लोरिनचे साधे ब्लीच घालतो, सुमारे ५५-६० लिटर पाण्याला ६० मिलिलिटर या प्रमाणात. ते पाणी सगळ्या तोट्यांपर्यंत आणून रात्रभर ठेवतो आणि सकाळी वास जाईपर्यंत धुतो. हे वाचून तुम्हांला आपल्या गावच्या विहिरीतली टीसीएल पावडर आठवेल. तत्त्व तेच, फक्त विहिरीत हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, कारण ते पाणी प्यायचे असते, येथे प्रमाण कडक, कारण हे पाणी टाकी धुवून फेकून द्यायचे असते. एवढे झाल्यावर पंप सुरू करून सगळ्या तोट्या बंद करायच्या आणि शांत बसून ऐकायचे. पंप थोड्या वेळाने थांबला आणि गप्प राहिला, तर सारे ठीक. कोणी तोटी उघडलेली नसताना तो मध्येच पुन्हा सुरू झाला, तर समजावे, कोठेतरी पाणी गळते आहे. पंपाचा आवाज हाच घरचा वैद्य.

शिक्षक मित्रहो, वर्गासाठी दोन छोटे प्रयोग सांगतो. ज्यांच्या घरी शीतकपाट आहे त्यांनी सरळ बाजूंचा प्लॅस्टिकचा पेला घ्यावा, त्यात ११ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरून खूण करावी, आणि झाकण न लावता बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. सकाळी मोजावे. बर्फ १२ सेंटिमीटरच्या जवळपास, मध्ये थोडा फुगून आलेला दिसेल. काचेचा पेला किंवा झाकणाची बाटली मात्र घेऊ नका. दुसऱ्या पेल्यात, मीठ विरघळेनासे होईपर्यंत मीठ घातलेले पाणी ठेवावे. ते बहुधा गोठणारच नाही. मग मुलांना विचारावे, कुल्फीवाला मीठ का टाकतो? उत्तर तुम्ही सांगू नका. त्यांना सांगू द्या.

आणि आपल्या शेतात? आपल्याकडे नळ गोठत नाही हे खरे. पण साठून राहिलेले पाणी आपल्यालाही नडते. हंगाम संपल्यावर फवारणीचा पंप पाण्यासकट कोपऱ्यात ठेवला, की पुढच्या वेळी त्याचे वॉशर चिकटलेले आणि नोझल बुजलेले सापडते. ठिबकच्या नळ्यांची शेवटची टोके उघडून पाणी सोडले नाही, तर आतला गाळ तेथेच बसतो. घराभोवतीच्या डब्यांत आणि टायरांत पाणी साठले तर डास होतात. म्हणून तर आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगते. थंडी असो की ऊन, यंत्र बाजूला ठेवताना त्याच्या पोटातले पाणी काढून ठेवावे, हा नियम मिनेसोटात आणि मराठवाड्यात एकच आहे.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची लेक त्या थंड मुलखात असेल, आणि फोनवर सांगेल की यंदा आम्ही अशी गाडी घेतली, तर तिला एवढेच विचारा: ‘बाहेरची तोटी रिकामी केलीस का गं?’ ती चकित होईल. गावी बसून हे तुम्हांला कसे कळले, असे विचारील. तिला ते कोडे घाला, आरंभी मी तुम्हांला घातले ते.